चौकोनी भोकाची नाणी: ओळखायची कशी, जमवायची कुठून

फेंगशुईच्या दुकानात लाल फितीत ओवलेली तीन पिवळीधमक नाणी मिळतात. ती नाणी नव्हेत, नाण्याच्या आकाराची शोभेची वस्तू आहे. ज्यांची ती नक्कल आहे ती खरी नाणी मात्र चीन, जपान, कोरिया आणि व्हिएतनाममध्ये मिळून दोन हजारांहून अधिक वर्षे चालली, आणि नवख्याला परवडतील अशी त्यांत भरपूर आहेत. हजार वर्षांपूर्वीचे, चीनच्या सुंग राजवटीच्या काळातले नाणे स्वस्त मिळते याचे कारण साधे आहे: इ.स. १०८० च्या सुमारास चीनमध्ये वर्षाला सुमारे पन्नास लाख माळा नाणी तयार होत होती, आणि एक माळ म्हणजे नावाला हजार नाणी. नावालाच, कारण सुंग दरबाराने ७७ नाणी म्हणजे शंभर असा सरकारी हिशोबच ठरवून दिला होता.

शिवराई हाताळलेल्या माणसाला सुरुवातीला एक सवय मोडावी लागते. शिवराई ठशावर हातोडा मारून पाडलेली. ही नाणी ओतीव. ‘आई’ नाणे बारीक वाळूच्या साच्यात दाबून खाचा करत, साच्याच्या दोन बाजू जुळवून वितळलेला धातू सोडत, आणि झाडाला फळे लागावीत तशी एका देठाला लागलेली नाणी तोडून घेत. मग ती चौकोनी काठीवर ओवून सगळ्यांच्या कडा एकदम कानशीने घासत. काठी गोल असती तर नाणी गरगर फिरली असती. म्हणून अस्सल नाण्याच्या कडेवर कानशीचे बारीक ओरखडे दिसतात, भोकाच्या आतल्या अंगाला कधी ओतकामाची टोके राहिलेली असतात, आणि एकाच प्रकारच्या दोन नाण्यांत अर्धा मिलिमीटर किंवा अर्धा ग्रॅम फरक पडला तर बिघडत नाही. साच्याच्या दोन बाजू नीट जुळल्या नसतील तर मागची कड एका अंगाला सरकलेली दिसते. तो दोष टाकसाळीचा. नाणे खोटे असल्याचा पुरावा नव्हे.

हाताशी काय हवे

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला वजनकाटा, डिजिटल व्हर्नियर, दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक जोरदार चुंबक आणि टॉर्च. टॉर्च नाण्यावर वरून मारू नका. टेबलाच्या पातळीवरून, अगदी तिरका मारा; झिजलेल्या अक्षरांच्या सावल्या पडतात आणि वाचता न येणारे नाणे वाचता येते. तेही जमले नाही तर शाळेतली युक्ती वापरा: वहीचा पातळ कागद नाण्यावर धरा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलकेच घासा. चीन-जपानमधले संग्राहकही कागदावर ठसे घेऊनच नाण्यांची नोंद ठेवत आले आहेत, कारण डागांनी भरलेल्या पृष्ठभागाच्या फोटोपेक्षा ठशात अक्षर स्वच्छ उठते.

प्रत्येक नाण्याचे चार आकडे वहीत टिपा: व्यास, भोकाची रुंदी, जाडी, वजन. कंटाळवाणे वाटेल, पण पुढे खरे-खोटे ठरवताना हेच आकडे कामी येतात.

आधी नाणे सरळ धरा

नवख्यांची निम्मी चूक इथेच होते. नाणे उलटे धरले की छायाचित्रांशी काहीच जुळत नाही. यावर एक अक्षर पुरते: ‘बाओ’, म्हणजे धन, मौल्यवान वस्तू. चारांपैकी सर्वांत गच्च भरलेले अक्षर तेच. वर छप्पर, छपराखाली गर्दी, त्याखाली आत दोन आडव्या रेघा असलेली उभी चौकट आणि तळाला दोन पाय. हे अक्षर भोकाच्या डावीकडे आणा. नाणे सरळ झाले.

नाणी दोन तऱ्हांनी वाचतात. एक: वर, खाली, उजवी, डावी. दुसरी: घड्याळाच्या काट्यासारखी, म्हणजे वर, उजवी, खाली, डावी. दोन्हींत शेवटचे अक्षर ‘बाओ’च, म्हणून ते कायम डावीकडे. कोणती तऱ्हा लागू आहे हे ‘बाओ’च्या जोडीदारावरून कळते. तो जोडीदार बहुधा ‘थुंग’ किंवा ‘युआन’ असतो. ‘थुंग’च्या डाव्या अंगाने एक रेघ खाली उतरून अख्ख्या अक्षराखाली होडीसारखी पसरते. ‘युआन’ सोपे: दोन आडव्या रेघा, खाली दोन पाय, उजवा पाय बाहेर वळून टोक वर उचललेला. जोडीदार उजवीकडे असेल तर पहिली तऱ्हा, खाली असेल तर घड्याळाची.

याला एक प्रसिद्ध अडचण आहे ती चीनच्या तांग राजवटीतल्या इ.स. ६२१ च्या नाण्याची. ‘खाय युआन थुंग बाओ’ या नाण्यावर ‘युआन’ खाली आणि ‘थुंग’ उजवीकडे आहे, त्यामुळे ते दोन्ही तऱ्हांनी वाचता येते आणि दोन्हींचा अर्थ लागतो. आज सगळे पहिल्या तऱ्हेने वाचतात. ‘खाय युआन’ हे इथे कारकिर्दीचे नाव नाही, ‘नवा आरंभ’ असा अर्थ आहे. पुढे ७१३ ते ७४१ या काळाला तेच नाव मिळाल्याने विक्रेते सर्रास चुकीची तारीख लावतात. व्यास साधारण २४ ते २५ मिलिमीटर, वजन ४ ग्रॅमच्या आसपास. पुढच्या कित्येक शतकांच्या नाण्यांनी हेच माप आणि हीच मांडणी उचलली.

त्याआधीची नाणी बहुतेक दोनच अक्षरांची. इ.स.पू. ११८ पासून चाललेले ‘वू चू’ ओळखायला लहान मुलालाही जमेल: उजवीकडे डमरू, म्हणजे वरखाली आडव्या रेघा आणि मध्ये फुली. तो डमरू म्हणजे ‘पाच’ हा आकडा.

वरचे आणि खालचे अक्षर

नाण्याच्या पहिल्या दोन अक्षरांत बहुधा कारकिर्दीचे नाव असते. ते ओळखायला चिनी भाषा यायला हवी असे नाही. चित्रे जुळवायची असतात, इतकेच. सरावासाठी ‘प्रकाश’ या अर्थाचे एक अक्षर घ्या: वर तीन छोट्या रेघा, मध्ये आडवी काठी, खाली ‘युआन’सारखेच दोन पाय. हे भोकाच्या खाली असेल तर चीनचा दाओग्वांग, १८२१ ते १८५०. वर असेल आणि खालचे अक्षर दाट असेल तर ग्वांगशू, १८७५ ते १९०८. वर असेल आणि खाली नुसत्या आडव्या पेटीतून आरपार गेलेली उभी रेघ असेल तर नाणे चीनचे नाहीच, व्हिएतनामच्या क्वांग चुंगचे, १७८८ ते १७९२. एक अक्षर, तीन राजे, दोन देश.

अशा जोड्या पुष्कळ आहेत. पायाशी चार ठिपके असलेले अक्षर खाली असेल तर खांगशी (१६६२ ते १७२२). तेच वर असेल आणि वाचन घड्याळाचे असेल तर सुंग काळातले शीनिंग (१०६८ ते १०७७), म्हणजे सहाशे वर्षे आधीचे. छियेनलुंग (१७३६ ते १७९५) याचे खालचे अक्षर व्हिएतनामचा सम्राट ‘ज्या-लाँग’ याच्या नाण्यावरही तसेच खाली असते, म्हणून वरचे अक्षर न पाहता नाव ठरवू नका.

इंटरनेटवर शोधताना नावे रोमन लिपीत लागतात. तिथे ‘क्यू’ने सुरू होणारे चिनी नाव ‘छ’ने वाचायचे आणि ‘एक्स’ दिसला की ‘श’. हे न कळल्याने छियेनलुंग आणि खांगशी शोधता न येणारे बरेच असतात. शिवाय तीच दोन अक्षरे चीनमध्ये थुंग बाओ, जपानमध्ये त्सूहो, कोरियात थोंगबो आणि व्हिएतनाममध्ये थोंग बाओ होतात. लिपी एक, उच्चार आपापले. मराठी आणि हिंदी वाचणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

उत्तर सुंग काळात (९६० ते ११२७) मजा वाढते, कारण एकच नाव वेगवेगळ्या लिपीवळणांत ओतले गेले. युआनफंग (१०७८ ते १०८५) घ्या: एकावर गोलसर, वेलीसारखे वळलेले मुद्रालिपीचे अक्षर, दुसऱ्यावर धावत्या हाताने लिहिल्यासारखे. माप तेच, कड तीच, भोक तेच. फक्त वळण बदललेले. अशी जुळी नाणी जमवणे हा स्वस्तातला सर्वांत समाधानाचा छंद आहे. याच काळाच्या अखेरीस सम्राट ह्वेचुंग याने स्वतःच्या सडपातळ, काटेकोर हस्ताक्षरात दाग्वान नाणी (११०७ ते १११०) काढली. सुलेखनाची आवड असेल तर या एका नाण्यापाशी थांबाल.

आता उलटवा

सुंग नाण्यांची मागची बाजू बहुतेक कोरी. ११८० पासून दक्षिण सुंग नाण्यांच्या मागे कारकिर्दीचे वर्ष आकड्यात येऊ लागते, त्यामुळे ही नाणी नेमक्या वर्षाची ठरवता येतात. चिनी एक, दोन, तीन म्हणजे तितक्याच आडव्या रेघा. दहा म्हणजे अधिकचे चिन्ह. दहापर्यंतचे आकडे एका संध्याकाळी पाठ होतात.

छिंग काळात (१६४४ ते १९११) मागे मांचू लिपी असते: उभ्या काठीला गाठी आणि दात काढल्यासारखी. डावीकडचा शब्द जवळजवळ नेहमी ‘बो’, म्हणजे नाणे. उजवीकडचा शब्द टाकसाळीचा. सर्वांत जास्त दिसतात त्या बीजिंगच्या दोन: महसूल खात्याची आणि बांधकाम खात्याची. त्यांचे शब्द दिसायला जवळचे आहेत आणि घाईत हमखास गफलत होते; वरून खाली प्रत्येक वळण मांचू टाकसाळ-शब्दांच्या एखाद्या तक्त्याशी जुळवा. उजवीकडे मांचूऐवजी अरबी वळणाची लिपी दिसली आणि नाणे लालसर तांब्याचे असेल तर ते शिनजियांगचे. तिथे ही नाणी १७६० पासून यारकंद आणि नंतर इतर गावांत निघाली. मोगल नाणी पाहिलेल्या डोळ्याला ती लिपी लगेच खुणावते.

जपानचे कान्एई त्सूहो १६३६ पासून दोन शतकांहून जास्त काळ निघाले. मागची बाजू बहुतेक कोरी, व्यास २३ ते २५ मिलिमीटर, कडा नेटक्या. जुने (१६५९ पर्यंतचे) आणि नवे (१६६८ पासूनचे) यांचा फरक डाव्या ‘हो’च्या, म्हणजे ‘बाओ’च्याच, तळाशी असलेल्या दोन पायांत आहे: जुन्यात पाय एकमेकांना चिकटलेले, नव्यात सुटे. १६६८ च्या नाण्यांवर मागे भोकाच्या वर टोपी घातलेल्या फुलीसारखे एक अक्षर असते. मागे पाण्याच्या लाटा असतील तर ते चार मोनचे (मोन म्हणजे जपानचे साधे एक नाणे): १७६८ ला २१ लाटा, १७६९ पासून ११. लाटा मोजताना भिंग घ्या. १८३५ चे तेनपो त्सूहो मात्र लंबगोल, जवळजवळ ४९ मिलिमीटर लांब आणि २० ग्रॅमच्या आसपास; त्यावर अक्षरे भोकाच्या वर दोन आणि खाली दोन, तेव्हा डावीकडच्या ‘बाओ’ची युक्ती तिथे चालत नाही.

कोरियाचे सांगप्योंग थोंगबो १६७८ पासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्याच नावाने निघत राहिले. पुढच्या बाजूवरून काळ कळत नाही, सगळे मागच्या बाजूवर: वर नाणे काढणाऱ्या कचेरीचे अक्षर, आजूबाजूला आकडे किंवा क्रमाची अक्षरे. व्हिएतनामची नाणी बहुधा पातळ, हलकी, अरुंद कडांची. कान्ह हुंग (१७४० ते १७८६) हे नाव सर्वांत जास्त रूपांत भेटते.

नाव वाचले, तरी थांबा

नाण्यावर सुंग सम्राटाची कारकीर्द आहे म्हणून नाणे सुंग काळातलेच असेल असे नाही. १६५९ ते १६८५ या काळात नागासाकीत परदेशी व्यापारासाठी युआनफंग नावाचीच नाणी ओतली गेली. व्हिएतनाममध्येही सुंग नावे वापरून हलकी नाणी निघाली. म्हणून नाव वाचून झाल्यावर वहीतले आकडे पाहा. युआनफंग २४ मिलिमीटर आणि साडेतीन-चार ग्रॅम असेल तर ठीक. तेच नाव २१ मिलिमीटर आणि दोन ग्रॅमवर आले, कड दोरीएवढी अरुंद असली, तर व्हिएतनामच्या खान्यात शोधा.

छिंग नाण्यांचे वजनही काळाप्रमाणे हलते आणि त्यामागे टाकसाळीची ओढाताण आहे. नाणे जड केले की लोक ते वितळवून भांडी करत. हलके केले की खोटी पाडणाऱ्यांचे फावे. १६८४ मध्ये ठरलेले वजन उतरवले, १७३४ मध्ये ते सुमारे साडेचार ग्रॅमवर आणले. १७४० मध्ये तर पितळात २ टक्के कथील मिसळले, म्हणजे धातू ठिसूळ होऊन भांड्यांच्या कामाचा राहू नये. बोहारणीला हसू आले असते, पण हिशोब बरोबर होता.

चौकोनी भोक आहे पण पुढे बारा प्राण्यांची चित्रे, ड्रॅगन किंवा आशीर्वादाची वाक्ये आहेत, अशी वस्तू म्हणजे ताईत. आपल्याकडची रामटंका जशी चलन नव्हे, तशीच. वाईट काही नाही, पण तो वेगळा संग्रह, आणि त्यात बनावट माल फार.

खोटे कसे उघडे पडते

खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल थंड होताना आकसते, म्हणून ती थोडी लहान आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत असतात. भिंगाखाली पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारखे बुडबुडे दिसतात. कडेवर कानशीच्या ओरखड्यांऐवजी मधोमध जोड-रेघ दिसली तर ठेवून द्या. हिरवा थर रंगाने दिलेला असेल तर नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या कापसाला हिरवे लागते. खरे पुट धातूतूनच आलेले असते, ते पुसले जात नाही. एकाच विक्रेत्याकडच्या दोन नाण्यांवर अगदी त्याच जागी तोच खड्डा असेल तर दोन्ही खोटी.

चुंबक जपून वापरा. चिकटले म्हणजे खोटेच, असे नाही: सुंग काळात लोखंडी नाणी होती, जपानची एक मोनची लोखंडी होती, छिंग सम्राट शियेनफंगच्या काळातही होती. पण ज्या प्रकाराचे नाणे फक्त पितळेचे निघाले ते चिकटले तर प्रश्न मिटला.

साध्या सुंग नाण्याची नक्कल करण्यात कुणाला फायदा नसतो; खरेच इतके स्वस्त आहे. बनावट माल महागड्या वस्तूंत असतो: ह्वेचुंगची मोठी, दहा साध्या नाण्यांच्या मोलाची नाणी, आणि १८५३ पासून चीनमधले ताइपिंग बंड मोडण्याच्या खर्चासाठी शियेनफंगने काढलेली दहा, पन्नास, शंभर मोलाची. पहिल्या वर्षी त्यांच्या वाटेला जाऊ नका. ‘पाच सम्राटांची नाणी’ म्हणून तयार ओवलेली माळ तर घेऊच नका. शुनचि ते जियाछिंग ही पाचही नावे खऱ्या नाण्यांत सुटी मिळतात.

धुवायचे की नाही

चिंच, लिंबू, दही, पितळी भांडी चमकवायची पावडर, काहीही नको. देवाच्या समईला जे शोभते ते नाण्याची किंमत आणि माहिती दोन्ही खरवडून टाकते. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात आठवडाभर ठेवा, पाणी रोज बदला, मग जुना मऊ टूथब्रश आणि बांबूची काडी. लोखंडी आणि जस्ताच्या नाण्यांना पाणीही नको. पुसल्यावर पंख्याखाली दिवसभर वाळवा. भोकाच्या कोपऱ्यात ओल राहते.

फिक्या हिरव्या, खडूच्या भुकटीसारखा डाग दिसला आणि तो काडीने खाली पडत असेल, तर ते पुट नव्हे, रोग आहे. धातूतले क्लोराइड हवेतल्या ओलीवर वाढते आणि नाण्याला खड्डा पाडते. असे नाणे ताबडतोब वेगळ्या डबीत काढा, भुकटी खरवडा, सिलिका जेलसोबत बंद करून ठेवा आणि महिन्याने पाहा. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात हे जून ते सप्टेंबर विशेष सांभाळावे लागते. सिलिका जेलचे दाणे रंग बदलले की तापवून कोरडे करा. प्लॅस्टिकची मऊ, वास येणारी पाकिटे वापरू नका, त्यांतला पीव्हीसी नाण्यावर चिकट हिरवा थर सोडतो. पारदर्शक खिडकीची पुठ्ठ्याची पाकिटे चांगली. स्टेपलच्या पिना पक्कडीने चपट्या करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा.

पहिली खरेदी

सुरुवातीला एवढी घ्या: एक छियेनलुंग, एक खांगशी, युआनफंगची दोन वळणांची जोडी, एक शीनिंग, एक कान्एई त्सूहो, एक लाटांचे चार मोन, एक सांगप्योंग, एक कान्ह हुंग. अक्षरे स्पष्ट असलेली घ्या. झिजलेले दुर्मीळ नाणे नवख्याला काही शिकवत नाही. किलोवर मिळणारे न निवडलेले ढिगारे मोहात पाडतात, पण त्यांतली चांगली नाणी आधीच कुणीतरी काढलेली असतात. ऑनलाइन विक्रेत्याने दोन्ही बाजूंचे फोटो, व्यास आणि वजन दिलेले नसेल तर मागा. टाळाटाळ केली तर पुढे चला. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात चौकोनी भोकाचे काही दिसले तर बहुतेक वेळा ते फेंगशुईचेच निघते, पण चुंबक आणि भिंग खिशात असले तर बघायला हरकत नाही. जुळवाजुळवीसाठी झेनो डॉट आरयू या संकेतस्थळावर पौर्वात्य नाण्यांचे हजारो फोटो आहेत, आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे.

कायद्याचे दोन मुद्दे. शंभर वर्षांहून जुने नाणे भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ते खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही, अमेरिकेतल्या भाच्याला अदलाबदलीतही नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. चीनमधूनही जुनी नाणी बाहेर काढण्यावर बंधने आहेत, म्हणून प्रवासात घेण्यापूर्वी पावती आणि नियम दोन्ही पाहा. दुसरा मुद्दा जमिनीत सापडलेल्यांचा. तंजावर जिल्ह्यात आणि केरळात कोल्लमला चिनी नाणी सापडलेली आहेत; समुद्रव्यापाराबरोबर ती इथवर आली. तशी कुठे हाती लागली तर १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा गुप्त ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. आणि ती धुऊ नका.